चप्पल घालून बसा!

सव्वातीन लाखांच्या गेमिंग पीसीसमोर बसताना पायात काय घालावं, हा प्रश्न आमच्या कोपरला नुकताच निकालात निघाला. रबरी चप्पल घालावी. साधी, निळ्या पट्ट्याची, पांढऱ्या तळव्याची. बाथरूममधली चालणार नाही, ती ओली असते. चामड्याची घातलीत तर जबाबदारी तुमची. हा निकाल दिला आमच्या इमारतीच्या वायरमनने, खिशात टेस्टर आणि गालात तंबाखू अशा पूर्ण अधिकृत पेहरावात. त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

चिरंजीवांची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक मजल्यावर एक असतोच. दिवसा इंजिनिअरिंग, रात्री महायुद्ध. गेले काही महिने त्यांच्या तोंडी एकच जप चालू होता: बॅलन्स्ड बिल्ड. "काका, लोक काय करतात, सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घालतात आणि प्रोसेसर ठेवतात जुनाच. मग कार्ड नुसतं वाट बघत बसतं. आपलं तसं नाही. आपली बिल्ड एकदम बॅलन्स्ड." त्यापायी तीर्थरूपांच्या खात्यातला बॅलन्स कुठवर खाली आला, हे शेजाऱ्यांनी विचारायचं नसतं.

खरं सांगायचं तर पोराने अभ्यास चोख केला होता. त्याबद्दल त्याला उणा शब्द ऐकवणार नाही. कार्ड ३६० वॅटचं, प्रोसेसर १२० वॅटचा. पंखे, डिस्क, बारीकसारीक धरून हिशेब सहाशेच्या आत बसत होता, तरी त्याने पॉवर सप्लाय घेतला ८५० वॅटचा. कारण विचारलं तर उत्तर तयार. ही कार्डं क्षणभरासाठी, म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरती, भलतीच वीज ओढतात. तो धक्का सोसणारा नव्या एटीएक्स ३.१ प्रमाणाचा सप्लाय हवा. शिवाय सप्लाय निम्म्याशिम्म्या भारावर चालला की वीज कमीत कमी वाया जाते. सप्लायवर 'गोल्ड' असा शिक्का. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या दहा वॅटांपैकी जेमतेम एक वॅट उष्णतेत जायचा. रॅम ३२ जीबी, पण एकच पट्टी नाही, सोळा-सोळाच्या दोन, आणि त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. सहा हजारच्या वेगाची रॅम घेऊन बायोसमधलं बटण न दाबल्यामुळे ती जन्मभर ४८०० वर रांगवणारे महाभाग असतात, ते वेगळे. मॉनिटर १४४० रेषांचा, १६५ हर्ट्झचा. कारण साठ हर्ट्झच्या जुन्या पडद्यामागे असलं कार्ड लावलं, तर ते दोनशे चित्रं रंगवणार आणि पडदा साठच दाखवणार. एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव आभाळाला भिडवले, तेव्हा चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत. पण म्हणून एका पट्टीवर भागवलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग लॅमिंग्टन रोडला जाऊन सगळा माल उचलला. ग्रँट रोडला चढून, दादरला गाडी बदलून, स्लो लोकलच्या लगेजच्या डब्यात काचेचा कॅबिनेट मांडीवर घेऊन स्वारी कोपरला उतरली. फास्ट लोकल कोपरला थांबत नाही आणि काचेच्या कॅबिनेटला दारात लटकता येत नाही. रात्री जोडणी झाली. सकाळी मातोश्रींनी नारळ फोडला. कळ दाबताच कॅबिनेटमध्ये सात रंग असे फिरू लागले की समोरच्या इमारतीत कुणाची वरात निघाली असं वाटलं. आणि चिरंजीवांनी कौतुकाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावर हात फिरवला.

झिणझिणलं.

वायरमन आला. त्याने पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर मंद पेटला. पुढचा संवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

"अर्थिंग आहे का हो या बोर्डला?"

"आहे ना साहेब. तिसरं भोक आहे की."

"भोकात तार आहे का?"

"तार पण आहे."

"ती जाते कुठे?"

"मेन बोर्डात."

"आणि तिथून?"

वायरमनने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात हलवली. "ते मग बिल्डिंगला विचारावं लागेल. तोवर असं करा, चप्पल घालून बसा. सगळे तेच करतात."

वाचकहो, मला या 'सगळे तेच करतात'चं भारी कौतुक वाटतं. ३६० वॅटच्या कार्डाला ८५० वॅटचा सप्लाय का, यावर तासभर बोलणारा मुलगा या तीन शब्दांपुढे निमूट झाला आणि चप्पल शोधायला गेला.

आता झिणझिणतं का, तर त्यात पॉवर सप्लायचा काही दोष नाही. सप्लायमध्ये वीज शिरते तिथेच, विजेतला कचरा गाळायला, इवलेसे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. गाळलेला कचरा पत्र्यावरून तिसऱ्या पिनने जमिनीत जावा, असा बेत. जमिनीचा रस्ताच बंद असेल, तर बिचारा पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो. भिंतीत २३० व्होल्ट, तर पत्र्यावर त्याच्या बरोब्बर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून माणूस मरत नाही, नुसता दचकतो. २३० आणि शून्य यांच्या अचूक मध्यावर तोललेला पत्रा! याहून बॅलन्स्ड बिल्ड लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात मिळायची नाही.

पण आपण चप्पलेबद्दल बोलत होतो. पहिली अडचण आली ती देवघराची. चिरंजीवांचं टेबल आणि घरातला देव्हारा एकाच खोलीत, कारण वन बीएचकेत तिसरी खोली नसते. आजी म्हणाल्या, देवासमोर चप्पल चालायची नाही. चिरंजीव म्हणाले, मग झिणझिण्या चालतील का? आजी म्हणाल्या, ते तुझं तू बघ. बराच खल झाल्यावर तोडगा निघाला. एक कोरी चप्पल आणायची, ती उंबऱ्याबाहेर कधीही न्यायची नाही, बाहेरच्या चपलांना शिवू द्यायची नाही आणि वेगळ्या पिशवीत टांगून ठेवायची. अशा रीतीने या देशातली पहिली सोवळ्यातली चप्पल आमच्या मजल्यावर रुजू झाली. मग चिरंजीवांमधला अभियंता जागा झाला. तळवा किती जाड हवा? भेगा पडल्यावर रोधकता किती उतरते? पायाला घाम आला तर? पावसाळ्यात कोपरची हवा इतकी ओली की पापडसुद्धा डब्यात वाकतो, तिथे चपलेने काय करावं? एक पाय चपलेत आणि दुसरा मांडी घालून खुर्चीवर, अशी बैठक बॅलन्स्ड म्हणायची का? घरी आलेल्या मित्राने पत्र्याला हात लावायचा ठरवला तर पाहुण्यांसाठी वेगळा जोड ठेवावा का? मी सुचवलं की चपलेवरही गोल्ड, प्लॅटिनम असे शिक्के मारून घ्यावेत, आणि पट्ट्यात सात रंगांचे दिवे बसवले तर बिल्डच्या रंगसंगतीला शोभेल. चिरंजीवांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. त्यांना पटलं होतं, अशी मला भीती आहे. तीर्थरूपांनी बाजूने मुद्दा मांडला की चप्पल दीडशेची आहे, म्हणजे सव्वातीन लाखांच्या मानाने संरक्षणावरचा खर्च नगण्यच झाला. इथे मात्र त्यांचं गणित अगदी बरोबर होतं.

इतका वेळ हसलो. आता ज्याच्यामुळे हे सदर लिहायला बसलो, ते सांगतो. त्या घरातलं वॉशिंग मशीन दोन वर्षांपासून झिणझिणतं आहे. मातोश्री दोन वर्षांपासून सांगत आहेत. त्यांना काय सांगितलं गेलं? "हात पुसून लाव." ओल्या कपड्यांच्या यंत्राला कोरडे हात लावायचे! वायरमन आला नाही, टेस्टर निघाला नाही, तीर्थरूपांनी पेपर खाली ठेवला नाही. बाईने ओल्या लादीवर उभं राहून यंत्रातून चादरी उपसायच्या आणि झिणझिणलं तर 'तुला भास होतो' हे ऐकून घ्यायचं. तीच भिंत, तोच बोर्ड, तेच तिसरं भोक. पण चिरंजीवांच्या कॅबिनेटला झिणझिणलं आणि तासाभरात वायरमन हजर. घराची बिल्ड कशी जमवली आहे, हे ज्याला बघायचं असेल त्याने कार्डाचे वॅट मोजू नयेत. कुणाच्या झिणझिण्यांना वायरमन येतो, ते मोजावं. आणि वॉशिंग मशीन एक वेळ झिणझिणून सोडतं, गिझर सोडत नाही. गिझरची कांडी फुटली आणि पाण्याच्या टाकीला अर्थिंग नसलं, तर शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाच्या पायात चप्पल नसते.

थ्री-पिन प्लग एकदा हातात घेऊन बघा. वरची पिन खालच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना आधी ती जोडली जावी आणि उपसताना शेवटी सुटावी. वीज येण्याआधी जमीन यावी, वीज गेल्यावर जमीन जावी. जाड अशासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात शिरू नये. ज्याने हे योजलं त्याने माणसाचा जीव आधी धरला आणि मग यंत्राचा विचार केला. आणि आपण? ती पिन पकडीने मोडून टाकतो, कारण पलीकडच्या एक्स्टेंशनला दोनच भोकं आहेत. नाहीतर टू-पिन लावण्यासाठी वरच्या भोकात पेन्सिल खुपसून झडप उघडतो. त्या भोकाचा आपल्या घरात याखेरीज काही उपयोग असतो, असं माझ्या पाहण्यात नाही.

इमारतीला विचारा, असं वायरमन म्हणाला होता. विचारलं. आमच्या इमारतीला अर्थिंगचा खड्डा होता, याचे जुने साक्षीदार आहेत. खड्डा म्हणजे काही मोठी भानगड नव्हे. जमिनीत अडीचएक मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून वरून पाणी ओतायला नरसाळं. अर्थिंग कसं करावं याची आयएस ३०४३ नावाची संहिता आहे, आणि तिची १९८७ची आवृत्तीसुद्धा आमच्या इमारतीपेक्षा वयाने मोठी आहे. तर तो खड्डा आता पेव्हर ब्लॉकखाली आहे. पेव्हर ब्लॉकवर पार्किंग आहे. पार्किंगमध्ये एका जबाबदार पदाधिकाऱ्याची गाडी आहे. तिच्यावर कव्हर आहे. इतक्या थरांखाली कोळसा-मिठाला पाणी कोण घालणार? सर्वसाधारण सभेत विषय निघाला. त्याच सभेत प्रवेशद्वारावर इमारतीच्या नावाची चमकती पाटी एकमताने मंजूर झाली, लॉबीत फॉल्स सीलिंग आणि त्यात रंग बदलणारे दिवे टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले, आणि अर्थिंग पुढच्या सभेला गेलं. ते गेली अनेक वर्षं पुढच्या सभेलाच जात आहे. एका सभासदाने मात्र व्यवहारी शंका काढली: "अर्थिंग केल्यावर ते दिसणार कुठे?"

तिथे मला सगळा उलगडा झाला. आपल्याकडे जे दिसत नाही त्याला पैसा मिळत नाही. काचेच्या कॅबिनेटमधून कार्ड दिसतं, रॅमचे दिवे दिसतात. पॉवर सप्लाय खाली पत्र्याच्या पेटीत झाकलेला, म्हणून दहातले आठ चिरंजीव नेमकी तिथे काटकसर करतात. आमच्या चिरंजीवांनी ती केली नाही. ती त्यांच्या वतीने बांधणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि राहणाऱ्याने भिंतीत आधीच करून ठेवली होती. आणि भिंतीबाहेर पडलात तरी हीच बिल्ड. रुळांच्या दोन्ही अंगांना एकावर एक टॉवर चढताहेत. प्रत्येकाच्या जाहिरातीत पोडियमवर निळा पोहण्याचा तलाव आणि पायथ्याशी रोज टँकर. गच्चीच्या कडेने दिव्यांच्या माळा, विजेच्या खांबांना वेटोळे घातलेल्या रंगीत पट्ट्या, नाक्यावर लाल बदामाचा सेल्फी पॉइंट. आणि या सगळ्या बिल्डचा पॉवर सप्लाय म्हणजे दोन मजली कोपर स्टेशन: खाली मुख्य मार्ग, वर दिवा-वसई मार्ग, आणि मध्ये जिन्यावर सकाळी साडेआठला एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभी असलेली माणसं. हजारो फ्लॅट वर चढवताना खालचा जिना किती रुंद आहे, हे कुठल्या चिरंजीवाने मोजलं? मुलगा रॅमच्या भावावरून दोन दिवस जेवत नाही. मोठी माणसं मात्र कोपर-दिव्याच्या दरम्यान दारातून कुणी पडल्याची बातमी वाचतात, चहाचा घोट घेतात आणि पान उलटतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खांबाला हात लागून कुणी गेला, तर आपण मुलांना काय सांगतो? खांबाला हात लावू नका. म्हणजे तेच. चप्पल घालून बसा, हात पुसून लावा, दारात उभे राहू नका, खांबाला शिवू नका. ज्याने तार ओढायची त्याने सोडून बाकी सगळ्यांनी जपून राहायचं. बडा घर पोकळ वासा म्हणायचे. आता वासा तरी कुठे उरला आहे, पीओपी आहे.

या गोष्टीला एक उपसंहार आहे आणि तो चपलेहून वाईट आहे. चिरंजीवांना सोवळ्यातल्या चपलेचा कंटाळा आला. त्यांनी दुसरा वायरमन आणला. त्याने पाच मिनिटांत बोर्ड उघडला, न्यूट्रलच्या स्क्रूपासून तिसऱ्या पिनच्या स्क्रूपर्यंत वितभर तारेचा तुकडा जोडला, बोर्ड मिटला आणि म्हणाला, झालं अर्थिंग. पत्रा झिणझिणायचा थांबला. टेस्टर पेटेना. घरात आनंदीआनंद. चप्पल खिडकीत टांगली गेली. आता या तुकड्याची करामत अशी, की ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल किंवा ढिला होईल, त्या दिवशी चालू यंत्रांतून आलेली फेजची वीज याच तुकड्यावरून कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल. तेव्हा ११५ नाही, पुरते २३०. आणि गाळणीचा किरकोळ प्रवाह नाही, जीव घेईल एवढा. झिणझिण्या म्हणजे घराने घातलेली हाक होती. आपण हाक मारणाऱ्याचं तोंड बांधलं आणि आजार बरा झाला म्हणून पेढे वाटले. मी हे तीर्थरूपांना सांगितलं. ते म्हणाले, "पण आता काहीच होत नाहीये ना!" या वाक्यावर आपला देश किती वर्षं चालला आहे, याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

तर चिरंजीवांच्या तमाम बिरादरीला आणि त्यांच्या पाकिटाला एक विनंती. पार्ट्सची यादी कराल तेव्हा तिच्यात पहिली ओळ भिंतीची लिहा. कार्डाचा एक नंबर खाली उतरा, दिव्याचे दोन पंखे कमी घ्या, आणि त्या पैशांतून मल्टिमीटर वापरता येणारा इलेक्ट्रिशियन बोलवा. टेस्टर आणि तंबाखूवाला नको. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३०च्या जवळपास व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये फार तर दोन-चार. तिथे ठणठणीत शून्य आलं तर खुश होऊ नका, बोर्ड उघडून तो वितभर तुकडा शोधायला सांगा. मेन बोर्डात तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. दोन-तीन हजारांत येतो, म्हणजे रॅमच्या एका पट्टीहून कितीतरी स्वस्त. आणि इलेक्ट्रिशियनला आधी वॉशिंग मशीन आणि गिझरचा बोर्ड तपासायला लावा, तुमच्या कॅबिनेटचा नंतर. पुढच्या सर्वसाधारण सभेला जा, पेव्हर ब्लॉक उचलायचा ठराव मांडा, आणि 'दिसणार कुठे' असं कुणी विचारलंच, तर त्याला सांगा की ते दिसावं म्हणून करायचंच नसतं.